मोबाइल मनोऱ्याची मर्यादा नेमकी कोणासाठी? विद्युतचुंबकीय क्षेत्राच्या सुरक्षा-आकड्यांविषयी

मध्यमलहरी (धागाकर्ता)

मी एकतीस वर्षे एका मध्यमलहरी प्रक्षेपण केंद्रावर अभियंता होतो. निवृत्तीनंतर पुण्यातल्या अनेक गृहनिर्माण संस्थांच्या सभांना मला बोलावले जाते, कारण समोरच्या इमारतीवर मोबाइलचा मनोरा उभा राहिलेला असतो आणि सभासद घाबरलेले असतात. या सभांमध्ये एक प्रश्न नेहमी विचारला जातो: "मर्यादेच्या आत आहे म्हणजे सुरक्षित आहे का?" त्याचे उत्तर होय किंवा नाही असे एका शब्दात देणे मला कधी जमलेले नाही, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

म्युनिकजवळ कार्यालय असलेला आंतरराष्ट्रीय अ-आयनकारी प्रारण संरक्षण आयोग, म्हणजेच आयसीएनआयआरपी, १९९२ साली स्थापन झाला. जगातल्या बहुतेक देशांचे नियम त्याच्या मार्गदर्शक तत्त्वांवर आधारलेले आहेत. १९९८ साली त्याने ३०० गिगाहर्ट्झपर्यंतच्या क्षेत्रांसाठी मर्यादा दिल्या, २०१० साली कमी वारंवारतेसाठी आणि २०२० साली रेडिओ वारंवारतेसाठी त्या नव्याने तपासून मांडल्या. रेडिओ लहरींचा निःसंशय सिद्ध झालेला परिणाम एकच आहे, तो म्हणजे शरीरात शोषल्या गेलेल्या ऊर्जेमुळे होणारी उष्णता. मोबाइलच्या लहरींमधल्या एका फोटॉनची ऊर्जा रेणूतला इलेक्ट्रॉन सुटा करण्याइतकी नसते. ती त्याच्या लाखाव्या भागाइतकीही नसते, म्हणून या प्रारणाची तुलना क्ष-किरणांशी करता येत नाही.

शरीराच्या आतले तापमान एक अंश सेल्सिअसने वाढण्यासाठी लागणारी ऊर्जा आयोगाने सावधपणे दर किलो वजनामागे ४ वॉट धरली. ती दहाने भागून प्रशिक्षित कामगारांसाठी ०.४ वॉट आणि पन्नासने भागून सर्वसामान्य लोकांसाठी ०.०८ वॉट ही मर्यादा ठरवली. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर स्वतःच दर किलोमागे सुमारे १ वॉट उष्णता निर्माण करत असते, हे लक्षात घेतले म्हणजे ०.०८ चा अर्थ कळतो. सामान्य माणसासाठी पन्नासने भागण्याचे कारण असे की लोकांमध्ये तान्ही मुले असतात, गरोदर स्त्रिया असतात, तापाने फणफणलेले रुग्ण असतात, आणि आपल्यावर लहरी पडत आहेत हे त्यांना ठाऊकही नसते.

शरीरात शोषलेली ऊर्जा घरात बसून मोजता येत नाही, म्हणून हवेतल्या शक्तिघनतेचे, म्हणजे दर चौरस मीटरवर पडणाऱ्या शक्तीचे, संदर्भमूल्य दिले जाते. ४०० मेगाहर्ट्झपासून २ गिगाहर्ट्झपर्यंत लोकांसाठी मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेला २०० ने भागायचे, म्हणजे उत्तर वॉट प्रति चौरस मीटरमध्ये मिळते. ९०० मेगाहर्ट्झला ते ४.५ येते. भारताने २००८ साली हे आकडे स्वीकारले होते. पुढे आंतरमंत्रालयीन समितीच्या शिफारशीनंतर १ सप्टेंबर २०१२ पासून मनोऱ्यांसाठी त्यांचा एक दशांश लागू केला, म्हणजे ९०० मेगाहर्ट्झला ०.४५ आणि १८०० ला ०.९ वॉट प्रति चौरस मीटर. त्याच दिवसापासून नव्या मोबाइल संचांसाठी विशिष्ट शोषण दराची, म्हणजे एसएआरची मर्यादा एक ग्रॅम ऊतीच्या सरासरीवर दर किलोमागे १.६ वॉट अशी ठरली.

आता अंतराचा हिशेब पाहू. एका अँटेनाला २० वॉट शक्ती मिळते आणि ती अरुंद झोतात सोडली जात असल्यामुळे झोताच्या दिशेने तिचा प्रभाव सुमारे पन्नास पट होतो असे धरले, तर १,००० वॉटचा स्रोत सर्व दिशांना लहरी पसरवत असल्यासारखे गणित करता येते. अशा झोताच्या थेट समोर ५० मीटरवर सुमारे ०.०३ वॉट प्रति चौरस मीटर येते, २० मीटरवर ०.२ आणि १३ मीटरच्या आत ०.४५ ओलांडले जाते. अंतर दुप्पट झाले की घनता चौथ्या हिश्शावर येते. झोत आडवा, किंचित खाली झुकलेला असतो. त्यामुळे ज्या इमारतीवर मनोरा आहे तिच्यातल्या रहिवाशांपेक्षा समोरच्या इमारतीतल्या, अँटेनाच्या पातळीवरच्या मजल्यावर जास्त लहरी पोहोचतात. सभांमध्ये भांडण मात्र बहुतेक वेळा मनोऱ्याखालचे रहिवासी करतात.

मला खरी काळजी दुसऱ्याच माणसाची वाटते. गच्चीवर पाण्याची टाकी धुणारा, डांबराचा थर देणारा, बाहेरून दोर लावून भिंत रंगवणारा माणूस कित्येकदा अँटेनाच्या समोर एक-दोन मीटरवर तासन्‌तास उभा असतो. ज्याला धोका समजावून सांगितला आहे, ज्याला प्रशिक्षण मिळाले आहे आणि ज्याचे काम देखरेखीखाली चालते, त्यालाच आयोगाच्या व्याख्येनुसार कामगारांची शिथिल मर्यादा लागू होते. रंगारी पोटासाठी तेथे चढला म्हणून तो त्या व्याख्येत बसत नाही. त्याला सामान्य नागरिकाचीच मर्यादा लागू झाली पाहिजे, आणि नेमका तोच सर्वांत जवळ असतो.

---

सचिव_कोथरूड

सविस्तर लेखाबद्दल आभार. आमच्या संस्थेत सध्या हाच विषय तापलेला आहे. एका सभासदाने कोणाकडून तरी छोटे यंत्र आणून गॅलरीत मोजणी केली. त्यावर कधी ०.०२ तर कधी ०.११ वॉट प्रति चौरस मीटर दिसले. शेवटचा आकडा पाहून दोन कुटुंबांनी देखभाल शुल्क रोखून धरले आहे. एवढा फरक कसा पडतो, आणि त्यातला कोणता आकडा आम्ही खरा मानायचा? शिवाय समोर तीन कंपन्यांच्या अँटेना आहेत, त्यांची बेरीज करायची की प्रत्येकीची वेगळी तुलना करायची?

---

मध्यमलहरी

सचिव महोदय, दोन्ही आकडे खरे असू शकतात. मनोऱ्याची शक्ती त्या क्षणी किती लोक बोलत आहेत किंवा माहिती उतरवून घेत आहेत यावर बदलते. शिवाय भिंतीवरून परतलेल्या लहरी मूळ लहरींत मिसळून हातभर अंतरावरसुद्धा कमी-जास्त होतात. म्हणूनच आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांत संपूर्ण शरीरासाठी ३० मिनिटांची आणि शरीराच्या एखाद्या भागासाठी ६ मिनिटांची सरासरी घ्यायला सांगितले आहे. क्षणभर दिसलेला सर्वोच्च आकडा मर्यादेशी ताडून पाहणे चुकीचे आहे. मोजणी चालू असताना जवळच्या माणसाच्या खिशातला मोबाइल बंद नसेल तर यंत्र त्याचीच नोंद घेते, हेही मी अनेकदा पाहिले आहे.

बेरजेचा प्रश्न आपण योग्य विचारला. वॉटची सरळ बेरीज करायची नसते. प्रत्येक वारंवारतेचे मोजलेले मूल्य तिच्या स्वतःच्या मर्यादेने भागायचे आणि त्या अपूर्णांकांची बेरीज एकपेक्षा कमी आहे का ते पाहायचे. समजा, ९०० मेगाहर्ट्झला ०.०९ आणि १८०० मेगाहर्ट्झलाही ०.०९ मिळाले, तर २०१२ च्या आकड्यांनुसार पहिला अपूर्णांक ०.२ आणि दुसरा ०.१ होतो, म्हणजे दोन्ही मिळून मर्यादेच्या तीस टक्के. सभासदाचे यंत्र सर्व वारंवारता एकत्र मोजत असल्याने हा हिशेब त्यावर करता येत नाही. तरीही एक सोय आहे: ते सगळे ०.११ या दोहोंपैकी अधिक कडक मर्यादेच्या ९०० मेगाहर्ट्झचेच आहे असे मानले, तरी मर्यादेच्या चौथ्या हिश्शाहून ते कमी भरते.

अधिकृत मोजणी हवी असेल तर दूरसंचार विभागाने २०१७ साली सुरू केलेल्या 'तरंग संचार' या संकेतस्थळाची माहिती सभेसमोर ठेवावी. तेथे आपल्या भागातले मनोरे नियमानुसार आहेत का ते पाहण्याची आणि ४,००० रुपये शुल्क भरून ठरावीक ठिकाणची मोजणी मागवण्याची सोय करण्यात आली. दहा घरांत विभागले तर हे शुल्क प्रत्येकी ४०० रुपये होते. रोखलेल्या देखभाल शुल्काचा वाद सोडवण्यासाठी मला तो सर्वांत सरळ मार्ग वाटतो.

---

निशिगंध

मी वैद्यकीय व्यवसायात असल्याने आरोग्याच्या बाजूने थोडी भर घालते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये रेडिओ लहरींना '२ ब', म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक' या गटात ठेवले. बातम्यांमधून लोकांपर्यंत फक्त 'कर्करोगकारक' हा शब्द पोहोचला. पुराव्याचा भक्कमपणा किती, एवढेच हे गट सांगतात. धोका किती मोठा हे ते सांगत नाहीत. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्क आणि आशियाई पद्धतीच्या लोणवलेल्या भाज्या याच गटात आहेत.

त्यानंतर माहिती वाढली. जागतिक आरोग्य संघटनेने सोपवलेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात १९९४ ते २०२२ या काळातले ६३ अभ्यास तपासले गेले. मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध त्यात आढळला नाही. अमेरिकेत २०१८ साली पूर्ण झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगाचा दाखला माझे रुग्ण वारंवार देतात. त्यात नर उंदरांच्या हृदयात गाठी आढळल्या हे खरे आहे, परंतु ते उंदीर दररोज नऊ तास, संपूर्ण शरीरावर, दर किलोमागे ६ वॉटपर्यंतच्या मात्रेत ठेवले होते. ही मात्रा सामान्य माणसाच्या मर्यादेच्या पंचाहत्तर पट भरते. त्याच प्रयोगात लहरींखालचे नर उंदीर इतरांपेक्षा जास्त जगले, हेही वाचकांनी ध्यानात घ्यावे.

रुग्णांना मी एक गोष्ट आग्रहाने सांगते. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी मोबाइल त्यापासून १५ सेंटिमीटर तरी दूर ठेवावा, सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवू नये आणि विरुद्ध बाजूच्या कानाला लावावा. या धाग्यात वर दिलेल्या मर्यादा अशा उपकरणांचा विचार करून ठरवलेल्या नाहीत.

---

वाटसरू

मला हे सगळे पटत नाही. मर्यादा इतकी भक्कम असेल तर आयोगाचा आकडा भारताने दहाने का भागला? इटलीने तर त्याहून कडक मर्यादा ठेवली होती. पन्नास पटींची काळजी आधीच घेतलेली असताना सरकारांना आणखी दहा पटींची गरज वाटते, याचा अर्थ त्यांनाही मूळ आकड्याचा भरवसा नाही असाच होतो. माझ्या मुलीची शाळा मनोऱ्यापासून ४० मीटरवर आहे. 'सिद्ध झालेला परिणाम एकच' हे वाक्य ऐकून मला झोप लागत नाही, कारण कालांतराने दुसरा परिणाम सिद्ध झाला तर माझ्या मुलीचे बालपण तोवर उलटून गेलेले असेल.

---

आल्प्सकर

वाटसरू, आपली काळजी मी समजू शकतो; माझीही दोन मुले येथे झुरिकच्या शाळेत जातात. येथे १९९९ च्या अध्यादेशाने, जो २००० पासून लागू झाला, दोन वेगवेगळे आकडे कायद्यात ठेवले आहेत. आयोगाच्या शिफारशींवर आधारलेली मर्यादा जेथे माणूस पोहोचू शकतो तेथे सर्वत्र लागू होते. त्याखेरीज घरे, शाळा, रुग्णालये अशा जागी प्रत्येक मनोरा-संचाला वारंवारतेनुसार ४ ते ६ व्होल्ट प्रति मीटर ही विद्युतक्षेत्राची वेगळी मर्यादा आहे. ही दुसरी मर्यादा अमुक इतक्या क्षेत्राने आजार होतो अशा पुराव्यावरून ठरलेली नाही. तंत्राला आणि खर्चाला परवडेल तेवढे क्षेत्र आधीच कमी ठेवावे, या तत्त्वावर ती ठरली आहे. सावधगिरीला कायद्यात स्वतंत्र जागा दिली की मूळ मर्यादेविषयी संशय घेण्याचे कारण उरत नाही, असे मला येथे राहून वाटू लागले आहे.

इटलीचे सांगायचे तर, तेथे घरांजवळ ६ व्होल्ट प्रति मीटर हा आकडा २००३ पासून होता आणि ३० एप्रिल २०२४ पासून तो १५ करण्यात आला. तुलनेसाठी, भारताचे ०.४५ वॉट प्रति चौरस मीटर म्हणजे सुमारे १३ व्होल्ट प्रति मीटर होतात.

---

मध्यमलहरी

आल्प्सकर यांनी केलेला भेद फार मोलाचा आहे. वाटसरू, मुलीच्या शाळेच्या बाबतीत वर दिलेले गणित लावले तर झोताच्या थेट समोरही ४० मीटरवर एका अँटेनाचे सुमारे ०.०५ वॉट प्रति चौरस मीटर येतात, आणि वर्गाच्या भिंती त्यातला बराच भाग अडवतात. परंतु आपल्याला आकड्यापेक्षा खात्री हवी आहे हे मी जाणतो, म्हणून शाळेच्या पालक-संघामार्फत मोजणी मागवावी असेच सुचवेन.

मनोरा हटवण्याची मागणी करण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य तपासावी. मनोरा दूर गेला की मोबाइल स्वतःची शक्ती वाढवतो. चांगला सिग्नल मिळत असताना तो आपल्या कमाल शक्तीच्या अगदी छोट्या अंशावर चालतो. तळघरात, लिफ्टमध्ये, धावत्या गाडीत तो कमाल शक्तीकडे जातो, आणि तो कानाला टेकलेला असतो. डोक्यात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा दूरच्या मनोऱ्याकडून न येता हातातल्या संचाकडून येतो. *#०७# हा क्रमांक दाबल्यास संचाचा एसएआर आकडा दिसतो. तो कमाल शक्तीवरचा असतो, त्यामुळे दोन संचांच्या आकड्यांतल्या फरकापेक्षा आपण संच कोठे आणि कसा वापरतो याने जास्त फरक पडतो. ज्यांना काळजी वाटते त्यांनी इअरफोन किंवा स्पीकर वापरावा. काही सेंटिमीटरचे अंतरही पुष्कळ असते.

---

रानवारा

सोलापूर जिल्ह्यात आमच्या वावरावरून चारशे केव्हीची टॉवर लाईन गेली आहे. तिच्याखाली हातात धरलेली ट्यूबलाईट रात्री मंद उजळते, हे मी स्वतः पाहिले आहे. पावसाळ्यात तारेच्या कुंपणाला हात लागला की झिणझिण्या येतात आणि ट्रॅक्टरला स्पर्श केला की टचका बसतो. आई दिवसभर त्या वाहिनीखाली खुरपते. तिला यापासून काही अपाय आहे का? हा मोबाइलच्या लहरींचाच प्रकार आहे की वेगळा?

---

भारवाहक

मी वीज पारेषणात काम केले आहे, म्हणून उत्तर देतो. प्रकार वेगळा आहे. विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असते आणि तेथे शरीर तापण्याचा प्रश्नच येत नाही. बाहेरच्या क्षेत्रामुळे शरीरात सूक्ष्म विद्युतक्षेत्र निर्माण होऊन मज्जातंतू उत्तेजित होऊ नयेत, या कसोटीवर ही मर्यादा ठरते. आयोगाच्या २०१० च्या तत्त्वांनुसार लोकांसाठी ५० हर्ट्झला विद्युतक्षेत्र ५ किलोव्होल्ट प्रति मीटर आणि चुंबकीय क्षेत्र २०० मायक्रोटेस्ला हे संदर्भमूल्य आहे. १९९८ च्या तत्त्वांत चुंबकीय क्षेत्रासाठी ते १०० होते. अशा वाहिनीखाली चुंबकीय क्षेत्र या आकड्याच्या बरेच खाली असते. विद्युतक्षेत्र मात्र तारा जेथे सर्वांत खाली झुकतात तेथे संदर्भमूल्यापर्यंत किंवा त्याच्याही वर पोहोचू शकते. ट्यूब उजळते ती त्यामुळेच.

एक गोष्ट लपवू नये. घरात वर्षानुवर्षे सरासरी ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लाहून अधिक चुंबकीय क्षेत्र असलेल्या मुलांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त दिसल्याचे काही सांख्यिकी अभ्यास सांगतात. याच कारणाने २००२ साली या क्षेत्रालाही '२ ब' गटात ठेवले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली हा पुरावा कार्यकारणभाव ठरवण्याइतका भक्कम नाही असे नमूद केले. तरीही वस्तीचे घर वाहिनीच्या पट्ट्याबाहेर असावे, मुलांचे झोपण्याचे ठिकाण तर नक्कीच असावे, असे मी प्रत्येकाला सांगत आलो आहे. भिंतीने विद्युतक्षेत्र अडते, चुंबकीय क्षेत्र अडत नाही.

आपल्या आईंच्या बाबतीत तातडीचे काम कुंपणाचे आहे. वाहिनीला समांतर गेलेल्या लांब तारेत वीज प्रवर्तित होते. त्या तारेला ठिकठिकाणी जमिनीत नीट अर्थिंग द्यावे आणि मध्ये लाकडी किंवा अन्य निरोधक तुकडे टाकून तिची सलगता तोडावी. हे काम पारेषण कंपनीच्या उपकेंद्राला लेखी कळवून त्यांच्या माणसासमोर करून घ्यावे. वाहिनीखाली ट्रॅक्टर उभा करून त्यात डिझेल भरू नये. आणि तुषार सिंचनाचा पाईप कधीही उभा करून नेऊ नये; शेतात माणसे दगावतात ती अदृश्य क्षेत्राने नव्हे, तर तारेच्या जवळ गेलेल्या पाईपमुळे.

---

मध्यमलहरी

भारवाहक यांच्या शेवटच्या वाक्यावरून मला माझ्या केंद्रावरची एक घटना सांगावीशी वाटते. कुंपणाबाहेर शेजारच्या जागेत बांधकाम सुरू होते. एका कामगाराने क्रेनचा लोंबणारा हूक हाताने धरला आणि त्याची बोटे भाजली. क्रेनमध्ये वीजप्रवाह नव्हता. आमच्या मास्टमधून निघालेल्या लहरी क्रेनच्या उंच लोखंडाने अँटेनासारख्या टिपल्या होत्या आणि त्या कामगाराच्या बोटांतून जमिनीत उतरल्या. त्या जागी हवेतले क्षेत्र आम्ही मोजले, ते मर्यादेच्या आत होते. मोठ्या धातूच्या वस्तूला स्पर्श केल्यावर वाहणाऱ्या प्रवाहासाठी १९९८ च्या तत्त्वांत वेगळा आकडा आहे, लोकांसाठी २० मिलिअँपिअर, आणि आमच्यापैकी कोणीही तो त्या बांधकामाच्या ठेकेदाराला सांगितला नव्हता. त्यानंतर हूकला निरोधक पट्टा बांधायला लावला, तेव्हा काम पुढे गेले. त्या माणसाचा पट्ट्या बांधलेला हात आजही माझ्या डोळ्यांसमोर येतो. गच्चीवरच्या रंगाऱ्याविषयी मी इतके लिहिले, त्याचे मूळ तेथे आहे.

---

सचिव_कोथरूड

काल आमची सभा झाली. मोजणीचे शुल्क दहा कुटुंबांनी वाटून घेतले आणि ज्यांनी देखभाल शुल्क रोखले होते त्यांनी अहवाल येईपर्यंत ते भरण्याचे मान्य केले. हा धागा मी सभेत वाचून दाखवला. तेव्हा एका सभासदाने विचारले की आपल्याच गच्चीवर एका कोपऱ्यात जी जुनी अँटेना आहे तिच्यासमोर काय आहे. आम्ही वर जाऊन पाहिले. ती पाण्याच्या टाकीच्या झाकणापासून दोन मीटरवर, माणसाच्या छातीच्या उंचीला आहे, आणि टाकी धुणारा मुलगा दर तीन महिन्यांनी तेथे अर्धा दिवस वाकून काम करतो. इतकी वर्षे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

टाकी धुण्याच्या दिवशी ती अँटेना बंद ठेवावी आणि तिची उंची वाढवावी, असे पत्र आज कंपनीला दिले आहे. गच्चीच्या दाराला कुलूप लावले असून किल्ली माझ्याकडे ठेवली आहे. येत्या रविवारची टाकी-सफाई पुढे ढकलली आहे, आणि त्या मुलाला त्या दिवसाची मजुरी द्यायचे ठरले आहे.